खंड्या ओढतो, कारण ओढल्याने त्याचे काम होते

पत्राचा सारांश : इंदूरच्या पश्चिमेकडील एका कॉलनीतून 51 वर्षांच्या वाचक भगिनीने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले असून कुत्र्याला येथे खंड्या म्हटले आहे. मुलाने हौसेने लॅब्रॅडोरचे पिल्लू आणले आणि ते सहा महिन्यांचे असताना तो नोकरीसाठी पुण्याला गेला. खंड्या आता दहा महिन्यांचा आणि 28 किलोंचा आहे. पूर्वी तो शहाण्यासारखा बरोबरीने चालत असे. आता फाटकाबाहेर पाऊल पडताच पट्टा ताणून सुटतो, कोपऱ्यावरच्या डेअरीजवळ बसणाऱ्या गल्लीतल्या दोन कुत्र्यांवर भुंकत झेपावतो, ओळखीच्या माणसांच्या अंगावर उड्या घेतो आणि घराकडे वळताच पट्टाच तोंडात धरून झोंबाझोंबी करतो. गेल्या महिन्यात त्याच्या हिसक्याने भगिनींचे मनगट मुरगळले आणि त्यानंतर त्याच्या उडीने शेजारचा सात वर्षांचा मुलगा पडला. निवृत्त यजमान साखळीचे हिसके देऊन त्याला वठणीवर आणू पाहतात, कॉलेजात जाणारी मुलगी त्याच्याबरोबर धावते, आणि शेजारचे एक काका सांगतात की कुत्र्याला आपणच घरचे मालक आहोत असे वाटू लागले आहे, तेव्हा काट्यांचा गळपट्टा आणा. देवासजवळ शेती करणारे दीर त्याला शेतावर न्यायला तयार आहेत. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरातून कुत्रा असा बाहेर काढू नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. भगिनी विचारतात : खंड्या खरोखर डोक्यावर चढला आहे का, आता शिकवायला उशीर झाला आहे का, आणि त्याला शेतावर पाठवणे त्याच्याही हिताचे आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तिन्ही प्रश्नांकडे वळण्यापूर्वी तुमच्या मनगटाविषयी लिहिते. ‘निसटू नये म्हणून पट्ट्याचे दोन वेढे हाताला घेते’ असे तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात. ही सवय आजच सोडा. 28 किलोंचा जनावर अचानक झेपावला की ते वेढे आवळतात, हात सोडवता येत नाही आणि मुरगळण्यावर निभावते ते नशीब. अशा वेळी बोटे मोडतात, माणूस तोंडावर पडतो. जादा पट्ट्याच्या घड्या घालून त्या मुठीत धराव्यात आणि मूठ पोटाशी टेकवून ठेवावी, म्हणजे हिसका एकट्या मनगटावर न येता सगळ्या अंगावर येतो. मनगट पूर्ण बरे होईपर्यंत खंड्याला यजमानांनी किंवा लेकीने न्यावे. यात त्याच्यावर अन्याय होतो असे वाटून घेऊ नका.

आता ‘मालक’ होण्याविषयी. शेजारच्या काकांचे म्हणणे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, पण त्याचे मूळ कुत्र्यांत नसून लांडग्यांत आहे, आणि तेही बंदिस्त लांडग्यांत. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने 1947 मध्ये प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचे वर्णन केले. तेथे एकमेकांशी नाते नसलेले प्राणी जागेसाठी आणि जोडीदारासाठी झगडत होते. त्यावरून कळपात सतत सत्तेची चढाओढ चालते, ही कल्पना रुजली आणि पुढे ती घरच्या कुत्र्यालाही चिकटवली गेली. या कल्पनेच्या प्रसाराला ज्यांच्या लेखनाचा हातभार लागला होता, त्या डेव्हिड मेक यांनीच अनेक वर्षे मोकळ्या रानातले लांडगे पाहिल्यानंतर 1999 मध्ये लिहिले की निसर्गातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. खंड्या तुमच्या पुढे चालतो तो हुद्दा मिळवण्यासाठी नव्हे. त्याला चार पाय आहेत, त्याची नेहमीची चाल तुमच्या चालीपेक्षा वेगवान आहे, आणि पुढच्या खांबावर कोणी काय लिहून ठेवले आहे ते त्याला नाकाने वाचायचे आहे. हे काकांना पटवत बसण्याची गरज नाही. तुम्हाला पटले की पुरे, कारण ज्याला आपण बंडखोर समजतो त्याच्याशी आपण नकळत भांडू लागतो, आणि भांडणाऱ्या माणसाच्या हातून शिकवणे होत नाही.

‘पाच महिन्यांचा असताना इतका गुणी होता, आता मुद्दाम करतो’ हे तुमचे वाक्य मला जास्त महत्त्वाचे वाटते. हे वयच तसे असते. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये मार्गदर्शक कुत्री म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत लॅब्रॅडोरही होते. पाच महिन्यांची असताना जी पिल्ले सांभाळणाऱ्या माणसाने ‘बस’ म्हटले की बसत, तीच आठव्या महिन्यात त्याच माणसाचे कमी ऐकू लागली. अनोळखी माणसाचे ऐकण्यात मात्र तशी घट दिसली नाही. वर्षाची होता होता ती बरीचशी ताळ्यावर आली. म्हणजे खंड्या तुमचेच ऐकत नाही आणि गल्लीच्या टोकावरच्या पोहेवाल्यासमोर सभ्य बसतो, याचा अर्थ तुमची किंमत कमी झाली असा नाही. शिवाय त्याच सुमारास, सहाव्या महिन्यात, ज्याने त्याला चालायला शिकवले तो तुमचा मुलगा घरातून गेला. पत्रात तुम्ही या दोन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या आहेत. मला त्या एकत्र वाचाव्याशा वाटतात. तेव्हा शिकवायला उशीर झालेला नाही. मात्र वय सरेल आणि आपोआप सुधारेल, असेही समजू नका. या महिन्यांत जे अंगवळणी पडते ते वय सरल्यावरही राहते.

आणि त्याच्या अंगवळणी नेमके काय पडते आहे, ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही निघता, तो ओढतो, तुम्ही ‘अरे थांब, थांब’ म्हणत त्याच्या मागे चालत राहता आणि तो कडुनिंबाच्या बुंध्याशी पोचतो. यजमान निघतात, तो ओढतो, साखळीचा हिसका बसतो, मान दुखते, क्षणभर थांबतो, मग पुन्हा ओढतो आणि शेवटी त्याच बुंध्याशी पोचतो. लेक निघते, तो ओढतो, ती हसत त्याच्याबरोबर धावते आणि तो सर्वांत लवकर पोचतो. तिघांच्या तीन तऱ्हा, पण खंड्याच्या दृष्टीने हिशेब एकच : ओढले की पोचता येते. त्यातही कधी लगेच आणि कधी उशिरा पोचल्याने तो अधिक चिवट झाला आहे, कारण जे कधीतरी साधते ते प्राणी सहजासहजी सोडत नाही. नेहमी साधणारी गोष्ट एकदा बंद पडली तर तो लवकर सोडून देतो. तुम्ही सोमवारी कडक राहिलात आणि मंगळवारी लेकीने त्याला पळवले, की येरे माझ्या मागल्या. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : नवीन साखळी, नवीन गळपट्टा किंवा नवीन शिक्षक शोधण्याआधी घरातल्या तिघांनी एका संध्याकाळी बसून एकच नियम ठरवावा. पट्टा ताणला की आपले पाय थांबतील. पट्टा सैल झाला की चालतील. हा नियम सासूबाईंनाही सांगा, कारण अंगणात त्याला धरून बसणाऱ्या त्याच आहेत.

साधन म्हणून छातीवर पुढे आणि पाठीवरही कडी असलेला हार्नेस (मानेऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज) आणि सहा फुटांचा साधा, मजबूत पट्टा घ्या. पुढच्या कडीला पट्टा लावला की ओढणारा कुत्रा आपोआप तुमच्याकडे वळतो आणि त्याचा जोर कमी पडतो. हार्नेस स्वतः काही शिकवत नाही, पण तुमचे मनगट वाचवतो. आत गुंडाळला जाणारा, बटण दाबून लांब होणारा पट्टा मात्र घेऊ नका. तो ओढल्यावर आणखी सुटतो, म्हणजे जे विसरायला लावायचे तेच तो शिकवतो.

शिकवणी रस्त्यावर नव्हे, घरातच सुरू होते. फाटकाची कडी वाजली की खंड्या उसळतो, असे तुम्ही लिहिले आहे. मग पहिले काही दिवस त्या कडीवरच काम करा. हार्नेस घाला, फाटकापाशी जा, कडीला हात लावा. तो उसळला की हात काढा आणि काही न बोलता उभ्या राहा. चारही पाय जमिनीवर आले की पुन्हा हात लावा. कडी निघेपर्यंत तो उभा किंवा बसलेला राहिला की फाटक हातभर उघडा. तो घुसू लागला तर ते पुन्हा लोटून घ्या, त्याला लागू देऊ नका. पहिल्या दिवशी कदाचित फाटकाबाहेर जाणेच होणार नाही. चालेल. बाहेर पडल्यावर पट्टा सैल असताना दर तीन-चार पावलांनी खाऊचा लहानसा तुकडा तुमच्या डाव्या गुडघ्याशी द्या, समोर हात लांब करून नव्हे. कुत्रा जेथे खाऊ मिळतो तेथे राहायला शिकतो. पट्टा ताणला की थांबा, मागे खेचू नका. तो वळून पाहील किंवा अर्धे पाऊल मागे येईल आणि पट्ट्याला झोळ पडेल, त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून चालू लागा. कडुनिंब दिसताच तो सर्वांत जोरात ओढेल; तेथे तर नियम अजिबात मोडू नका, कारण तो बुंधाच त्याचे खरे बक्षीस आहे. सैल पट्ट्याने तेथे पोचला की हवे तितका वेळ हुंगू द्या. सुरुवातीला पंधरा मिनिटांत तीन घरेसुद्धा ओलांडून होणार नाहीत आणि समोरच्या ओट्यावरचे लोक पाहत राहतील. त्याची लाज वाटणे स्वाभाविक आहे. तरी एवढे सोसावे.

‘रोज दोन किलोमीटर फिरवले नाही तर त्याची ऊर्जा कशी जिरणार’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण मोजमाप किलोमीटरचे नसावे. नाकाने शोधण्याचे काम कुत्र्याला दमवते आणि शांतही करते. त्याचे रोजचे खाणे वाडग्यात देण्याऐवजी अंगणात गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत विखरून द्या. ज्या दिवशी शिकवायला वेळ किंवा धीर नसेल त्या दिवशी पट्टा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावावा आणि त्या फेरीत ताणण्याकडे दुर्लक्ष करावे. छातीची कडी मात्र फक्त नियम पाळायच्या वेळीच लावावी. हा फरक कुत्र्यांना कळतो. लेकीला धावायचे असेल तर ते पाठीच्या कडीवर, आणि तेही मनगट धड असलेल्या तिनेच.

खाऊबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण खंड्या लॅब्रॅडोर आहे. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये असे आढळले की सुमारे चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडोरांत पोट भरल्याची जाणीव करून देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. ही खादाडी शिकवताना वरदान आहे आणि वजनाच्या दृष्टीने शाप, म्हणून खाऊचे तुकडे हरभऱ्याएवढे असावेत आणि तेवढे जेवण कमी करावे. पनीर, उकडलेले अंडे, गाजर चालते. कोपऱ्यावर पोहेवाला त्याला प्रेमाने पोहे भरवतो, हे मात्र थांबवा. पोह्यांतला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो, आणि रोजचा थोडाथोडा कांदाही साचून अपाय करतो. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेटही वर्ज्य. पोहेवाल्याला स्पष्ट सांगा. इंदुरात हे सांगणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे, पण सांगा.

डेअरीजवळच्या दोन कुत्र्यांचा प्रश्न ओढण्यापेक्षा वेगळा आहे. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला जवळही जाता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही, आणि तरुण वयात ही कोंडी भुंकण्यातून बाहेर पडते. तो झेपावल्यावर ओरडणे किंवा खाऊ दाखवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, कारण तेव्हा त्याच्या कानांत काही शिरत नाही. काम त्याआधीच्या क्षणी करायचे. डेअरीकडे जाताना त्याच्या तोंडाकडे पाहा : उघडे, लोंबत्या जिभेचे तोंड एकाएकी मिटते, कान पुढे होतात, अंग ताठ होते आणि नजर खिळते. हे जेथे घडते तेथून दहा-पंधरा पावले मागे तुमची जागा. तेथे उभ्या राहून, तो त्या कुत्र्यांकडे पाहील तेव्हा तुकडा द्या, पुन्हा पाहील, पुन्हा द्या, आणि वळून घरी या. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी होईल. रस्त्यात अचानक गाठ पडली तर उभ्या असलेल्या मोटारीआड जाऊन नजर तोडा. गल्लीतले कुत्रे तुमच्याकडे चालून आले तर पळू नका, मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने जमिनीवर फेका आणि शांतपणे उलट चालू लागा. त्यांच्या कानाला छोटी खाच असेल तर नसबंदी आणि रेबीजची लस झाली असल्याची ती खूण आहे. तरी खंड्याची आणि घरातल्यांची काळजी घ्यावीच, आणि त्याची रेबीजची लस चुकवू नये.

घराकडे वळताना पट्टा चावणे हे बहुधा थकव्याचे आणि उत्तेजित झाल्याचे लक्षण असते, रागाचे नव्हे. या वयाच्या कुत्र्याला दिवसाचे चौदा-सोळा तास झोप लागते, आणि तुमच्या वर्णनावरून खंड्याला दुपारभर दारावरच्या बेलमुळे ती मिळत नाही. आतल्या खोलीत त्याची निजण्याची जागा करा. फेरी थोडी आधी संपवा, वळण्याच्या जागेपाशी जमिनीवर मूठभर खाऊ विखरा, आणि तरीही त्याने पट्टा धरलाच तर दोन्ही बाजूंनी रस्सीखेच न करता पट्टा सैल सोडून स्तब्ध उभे राहा. तुमची संध्याकाळी साडेपाचची वेळही बदला. मे महिन्यात इंदूरचे डांबरी रस्ते तेव्हाही तापलेले असतात. तळहाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता येत नसेल तर त्याचे पायही भाजतात, आणि भाजणारे पाय घाई करतात. पहाटे निघावे. शीसाठी पिशवी बरोबर असावीच. 2017 पासून अनेक वर्षे स्वच्छतेत पहिले आलेल्या शहरात कुत्रा पाळणाऱ्यांबद्दलचा शेजाऱ्यांचा राग निम्मा तिच्यामुळे कमी होतो.

शेजारच्या मुलाच्या बाबतीत मी सौम्यपणे लिहिणार नाही. पुढचे काही आठवडे खंड्या आणि कोणतेही लहान मूल यांच्यात पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त अंतर राहिले पाहिजे, मूल हौसेने जवळ आले तरीही. मुलाच्या आईवडिलांकडे तुम्ही आणि यजमान दोघांनी जाऊन, नुसते ‘तो प्रेमळ आहे’ असे न सांगता, तुम्ही काय काय बदलले आहे ते सांगा. मोठी माणसे भेटली तर खंड्या बसल्याशिवाय कोणी त्याला हात लावू नये. त्याने उडी घेतली की समोरच्याने पाठ फिरवावी. ‘अहो, आम्हाला चालते’ म्हणणारे पाहुणे भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा, कारण ज्या उडीचे आज कौतुक होते तीच उद्या मुलाला पाडते.

काट्यांचा गळपट्टा आणि साखळीचे हिसके यांना माझा विरोध आहे. 2006 मधील एका अभ्यासात दिसले की गळपट्ट्यावर ओढताना कुत्र्याच्या डोळ्यांतला दाबही वाढतो, हार्नेसवर तसा वाढत नाही. घशाला इजा होते ती वेगळीच. त्याहून मोठा तोटा असा की डेअरीजवळ प्रत्येक वेळी मान दुखली तर खंड्या ती वेदना स्वतःच्या ओढण्यामुळे झाली असे न समजता त्या कुत्र्यांमुळे झाली असे समजू शकतो, आणि आज उतावीळपणाने भुंकणारा प्राणी उद्या भीतीने चावू लागतो. यजमानांचा हेतू वाईट नाही, आणि त्यांना चूक ठरवण्यापेक्षा काम द्या : फाटकाच्या कडीची शिकवणी त्यांच्याकडे सोपवा. ज्या माणसाने बँकेत वर्षानुवर्षे हिशेब चोख ठेवला, त्याला एकच नियम न चुकता पाळणे चांगले जमेल. शिक्षक बोलावलात तर तो तुमच्यासमोर, तुमच्या गल्लीत शिकवणारा असावा. महिनाभर कुत्रा घेऊन जाऊन ‘तयार करून’ परत देणाऱ्यांकडे त्याला पाठवू नका, कारण शिकायचे घरातल्यांना आहे.

एकदा पशुवैद्याकडून त्याचे खुबे आणि मान तपासून घ्या. लॅब्रॅडोरांत खुब्याचा दोष आढळतो, आणि दुखणारे जनावर चिडके होते. गावात समाधान झाले नाही तर महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. नसबंदीविषयी निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या, पण तिने पट्टा ओढणे थांबेल अशी आशा ठेवू नका.

राहिला शेतावर पाठवण्याचा प्रश्न. मोकळी जागा मिळेल म्हणून तो सुखी होईल, असे तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक शेतांवर अनोळखी तरुण कुत्रा पळून जाऊ नये किंवा कोंबड्यांमागे लागू नये म्हणून दिवसभर साखळीला बांधला जातो, आणि माणसांत वाढलेल्या लॅब्रॅडोरला रात्री एकटे राहणे फार जड जाते. दीरांना मोकळेपणाने विचारा : तो कोठे झोपेल, किती वेळ बांधलेला असेल, घरात येऊ शकेल का? उत्तरे चांगली असली तर ते घर वाईट नाही, आणि पुढे कधी तसे करावे लागले तर तुम्ही कसाई ठरत नाही. सासूबाईंच्या श्रद्धेचा मान ठेवावा, पण खंडोबाचे नाव घेऊन तुमच्यावर ओझे टाकू नये, असे मी त्यांनाही सांगेन. तुमचे मनगट आणि शेजारचे मूल यांची सुरक्षितता आधी. गणपतीपर्यंत हा विषय घरात काढायचा नाही, असे ठरवून टाका. तोवर खंड्या चौदा-पंधरा महिन्यांचा होईल. रोज रात्री दोन ओळी लिहून ठेवा : पट्टा कोठवर सैल राहिला, डेअरीपासून किती पावलांवर तो शांत होता. तेव्हा ती वही पाहून निर्णय घ्या, एखाद्या वाईट संध्याकाळी नव्हे. आणि त्या चर्चेत मुलाला फोनवरून का होईना, जरूर घ्या, कारण कुत्रा त्याने आणला आहे. तो गणपतीत घरी येईल तेव्हा खंड्याला बाहेर नेण्याआधी त्याच्याकडूनही फाटकाच्या कडीची शिकवणी करून घ्या.